म, क आणि श

आमच्या सरांनी उभ्या जन्मात मासा खाल्ला नाही, आणि पेडण्याच्या बाजारात त्यांच्याइतके मासे कोणी उघडून बघितले नाहीत. बेळगावकडचा माणूस, शुद्ध शाकाहारी. चातुर्मासात कांदासुद्धा सोडायचे. पण सकाळी शाळेआधी मासे विकणाऱ्या बायकांच्या रांगेत उभे, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात भिंग. समोरच्या पाटीतल्या माशाच्या कल्ल्यावरचं झाकण उचलून आत डोकावणार आणि मासा न घेताच पुढच्या पाटीकडे सरकणार. अशा गिऱ्हाइकाला कोण उभं करून घेणार?

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते तिथेच. आमच्या शाळेत ते जीवशास्त्राला नुकतेच लागले होते आणि मी चित्रकला शिकवत होते. मी ओळख करून घ्यायला पुढे झाले, तेवढ्यात त्यांनी एका बाईला हात जोडून विचारलं, "मावशी, यातला किडे झालेला मासा कुठला?"

बाई उठून उभीच राहिली. "म्हज्या नुस्त्याक किडे? तुज्या तोंडांत किडे पडूं."

आख्खी रांग तिच्या बाजूने ओरडायला लागली. मी मध्ये पडले, सर नवीन आहेत, घाटावरचे आहेत, त्यांना कळत नाही, असं सांगून त्यांना बाहेर ओढलं. "सर, कोणाच्या मालाला असं म्हणतात का?"

"मग कसं म्हणायचं? मला मासा नकोच आहे की. किडेच पाहिजेत."

हे ते इतक्या साधेपणाने बोलले की मला हसूही आलं आणि डोक्यात तिडीकही गेली. पुढे तीन वर्षं माझं त्यांच्याबाबतीत असंच चालू राहिलं, हसू आणि तिडीक, एकाच्या मागून एक.

त्या बाईशी त्यांचं महिन्याभरात जुळलं. गिऱ्हाइकाने साफ करायला दिलेल्या माशांचे कल्ले ती केळीच्या पानात बांधून ठेवायला लागली. ते दिसले की लांबूनच ओरडायची, "मास्तरा, तुजें जेवण काडून दवरलां." सर पुडी घ्यायचे, नमस्कार करायचे आणि जवळजवळ धावत शाळेत यायचे. कल्ले शिळे झाले की किडे मरतात, म्हणून धावत.

नाहीतरी ते चालायचे कधी? पायाला भिंगरी लावलेला माणूस. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्चीवर बसलेलं मी पाहिलं नाही. डबा जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, उभे राहून खायचे, तोही दोन घास खाऊन एक फेरी मारायचे. वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत आणि परत. पोरं म्हणायची, सरांचा तास ऐकून मान दुखते. बस रखडली तर उतरून चालायला लागायचे, आणि मागून तीच बस त्यांना गाठून पुढे जायची. कधी नाइलाजाने बसावं लागलं तर उजवा गुडघा असा हलायचा की टेबलावरची दौत सांडायची. हा माणूस थांबायचा फक्त एका ठिकाणी, प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपपुढे. तिथे डोळा लावला की पाऊण पाऊण तास हलायचा नाही. माशीसुद्धा कानावर बसून कंटाळून उडून जायची.

राहायला ते आमच्याकडे होते, कोरगावला, मागच्या पडवीतल्या खोलीत. तीही मीच दिली. बाजारातल्या प्रसंगानंतर हा माणूस एकटा सोडला तर कुठेतरी मार खाईल असं मला वाटलं. आईला आधी आनंद झाला, भटाबामणासारखा स्वच्छ शाकाहारी भाडेकरू. मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये औषधात बुडवलेले कल्ले यायला लागले.

"मास्तर, तुमी नुस्त्याक हात लावतात, मगे खायनात कित्याक?" आई विचारायची.

"मावशी, ज्याच्या घरात आपण पाहुणे म्हणून जातो, त्याला खातात होय?"

आई कपाळाला हात लावायची. पण संध्याकाळी त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या कुलेराने ढवळून डाळ करायची. आपली म्हणून जी माणसं तिने धरली, त्यांच्यात सर कधी गेले ते तिलाही कळलं नसावं.

आता त्या किड्यांचं सांगते, कारण त्याशिवाय सर सांगून होणार नाहीत. खाडीतल्या माशांच्या कल्ल्यांत अगदी बारीक कृमी असतात, नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाहीत. मागच्या टोकाला आकडे असतात, ते कल्ल्यात रुतवून आयुष्यभर तिथेच राहायचं. सरांचं म्हणणं असं की प्रत्येक माशाचा कृमी वेगळा, आणि त्याचे आकडे वेगळे. कुलपाची किल्ली असावी तसे. काळुंदराच्या कल्ल्यातला कृमी शेवटो माशाच्या कल्ल्यात टाकला तर तो दोन दिवसांत मरतो. अशा कृमींना सर 'एकघरी' म्हणायचे. आणि जे मिळेल त्या माशावर राहतात, ते 'दहाघरी'.

हे दोन शब्द त्यांनी इतके वापरले की शाळेत सगळ्यांच्या तोंडी बसले. नवीन माणूस आला की सर त्याच्याकडे मान तिरकी करून बघायचे आणि हळूच मला सांगायचे, हा एकघरी, हा दहाघरी. आमचे हेडमास्तर दहाघरी होते. कमिटीत कोणीही निवडून आलं तरी त्यांचं आधीपासून त्याच्याशी चांगलं असायचं. माझी आई एकघरी. लग्न होऊन या घरात आली ती माहेरीसुद्धा दोन रात्रींच्या वर राहिली नाही.

आकड्यांची चित्रं काढायची होती आणि सरांचा हात चित्रकलेत दगड, म्हणून मी त्यांच्या कामात ओढले गेले. त्यांनी मायक्रोस्कोपमध्ये धरायचं, मी एका डोळ्याने बघायचं आणि कागदावर काढायचं. शाळेच्या सामानातले ब्रश म्हणजे झाडू. मी तक्रार केली तर दुसऱ्या रविवारी म्हापशाला जाऊन, तिथे मिळाला नाही म्हणून पणजीला जाऊन, सर एक ब्रश घेऊन आले. टोकाला जेमतेम चार केस. "यानं मुंगीचा पाय काढता येईल बघा की टीचर," म्हणाले. खरंच येत होता. तसा ब्रश माझ्या हातात आधी कधी आला नव्हता, आणि मी त्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

चित्रं साठत गेली तशी सरांच्या लक्षात एक भानगड आली. मुड्डोशी आणि काळुंदर हे दोन मासे, एकमेकांचे कोणी लागत नाहीत. एक लांबट, रुपेरी, वाळूत तोंड खुपसणारा. दुसरा ताटलीसारखा, काळसर, पट्ट्यांचा. पण दोघांच्या कल्ल्यांतले कृमी सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे. मासे परके आणि त्यांचे किडे मात्र नात्यातले, हे कसं?

"शेजार," सर म्हणाले, आणि खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायला लागले. "एकाच खाडीत राहिले. कधीतरी एकाच्या घरातला किडा दुसऱ्याच्या घरात गेला आणि तिथलाच झाला. आता कोण कोणाकडून आला, तेवढं सांगा."

तेवढं सांगायला पाऊस हवा होता. आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात घ्यायला आणि सोडायला बांधात लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. पावसात मानशीच्या आतबाहेरचं पाणी गोड होतं. मुड्डोशी खाली समुद्राकडे सरते. काळुंदर तिथेच राहतं. मुड्डोशी नसताना काळुंदराच्या कल्ल्यांत कृमी टिकला, त्याची पिल्लं झाली, तर त्याचं मूळ घर काळुंदर. नाही टिकला तर मुड्डोशी. बाकीचा पुरावा आकड्यांवरून जुळत आला होता, हा एकच दुवा राहिला होता. पहिल्या पावसात उत्तर एक आलं, दुसऱ्या पावसात नेमकं उलट. सर वेडे व्हायचे बाकी होते. "तिसरा पाऊस," दिवसातून दहादा म्हणायचे. "तिसरा पाऊस बघितला की झालं." पण त्यांची नोकरी टेम्पररी होती. दर वर्षी नवीन ऑर्डर निघायची, आणि ती निघाली तरच तिसरा पाऊस त्यांना इथे मिळणार होता.

आमचं वेगळं राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. भाषेवरून वातावरण असं पेटलं होतं की चहाच्या टपरीवर साखर मागितली तरी लोक कान टवकारून ऐकायचे, हा 'साखर' म्हणाला की 'साकर'. कधी रस्ते अडवलेले, कधी बस बंद. स्टाफरूममध्ये मराठी आणि कोकणी असे दोन तट. मी मराठीच्या बाजूची, आणि साधीसुधी नाही, पुढे होऊन भांडणारी. माझं वय होतं, आवाज होता, आणि गप्प बसणं हा प्रकार मला ठाऊक नव्हता. मला वाटायचं, मराठी शाळेत जाऊन, मराठीत शिकवून जो पोट भरतो त्याने मराठीच्या बाजूने बोललंच पाहिजे. सर तर घरातसुद्धा मराठी बोलणारे. पण वाद सुरू झाला की ते डबा घेऊन जनेलापाशी जायचे.

एकदा मी त्यांना धरलंच. "सर, तुमचं मत काय ते आज सांगा."

"टीचर, आमच्याकडे दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटतात. मराठी का कन्नड, यात माझं बालपण गेलं. मी पळून इथं आलो, तो माशांच्या कल्ल्यात येऊन बसलो. आता तिथंही तुम्ही येणार होय?"

"म्हणजे तुम्ही दहाघरी."

त्यांनी मान तिरकी केली. "मी असेन. पण तुम्ही एकघरी आहात असं तुम्हाला वाटतं, ते काही खरं नाही. घरी मावशीशी बोलता ते मी भिंतीपलीकडून ऐकतो की. रागावलात की बोलता ते, देवापुढे पुटपुटता ते. आणि शाळेत बोलता तेही ऐकतो. दोन घरं झाली. त्यात वाईट काय आहे?"

सगळ्या स्टाफसमोर. कोकणीच्या बाजूचे फिदीफिदी हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते खरं होतं म्हणूनच झाला, हे मला आज कळतं. त्या दिवशी एवढंच कळलं की या माणसाने मला माझ्याच लोकांत उघडी पाडली. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते मला राग आलाय हे विसरूनही गेले होते, आणि त्याचा मला आणखी राग.

याच आठ दिवसांत शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं. सरांनी आपल्या कृमींच्या नात्याचं झाड पेन्सिलीने काढून दिलं, मी ते मोठ्या तक्त्यावर रंगवायचं होतं. खालून खोड, त्यातून आधी एक फांदी फुटते, ती शेवट्याच्या कृमीची. मग मुड्डोशीच्या कृमीची. आणि मुड्डोशीच्या फांदीतून काळुंदराची, तिच्यापुढे बारीकसं प्रश्नचिन्ह. खाली आकड्यांची चित्रं. वर मथळा सरांच्याच अकलेतून आलेला: 'कोण कोणाच्या जिवावर?' शेजारी तिन्ही माशांच्या चित्रांचा दुसरा तक्ता लागणार होता. तो सुकला नाही, म्हणून घरीच राहिला.

प्रदर्शनाच्या सकाळी सर बाजारातून उशिरा येणार होते. निघताना त्यांनी पडवीत गुंडाळलेला तक्ता अर्धवट उलगडून बघितला. फांद्यांच्या टोकांना माशांची नावं नव्हती. फक्त श, म आणि क.

"नावं आखूड झाली?"

"ब्रश जाड होता," मी म्हटलं. "पूर्ण नावं बसेनात."

"बरं," म्हणाले आणि बाजाराकडे धावले.

प्रश्नचिन्हही राहून गेलं होतं, ते त्यांनी बघितलं नाही.

दहा वाजता प्रदर्शन उघडलं आणि साडेदहाला त्या तक्त्यापुढे उभं राहायला जागा नव्हती. म पासून फुटलेला क. वर लिहिलेलं, कोण कोणाच्या जिवावर. पेडण्यात त्या दिवसांत याचा दुसरा अर्थ लहान मुलानेही लावला नसता. मराठीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कोकणीवाल्यांनी विचारलं, आमच्या भाषेला बांडगूळ म्हणणारा हा घाटी कोण? हळर्णचे एक निवृत्त मराठी मास्तर पुढे आले आणि काठीने दाखवत समजावायला लागले. श म्हणजे शौरसेनी, उघडच आहे, कोकणीचं मूळ तिथे आहे असा काहींचा दावा असतो, आणि बघा, या शास्त्रज्ञाने तो श कसा पार बाजूला टाकलाय. खालचे आकडे बघून ते म्हणाले, ही मोडी लिपी. होते ते कृमीच्या शेपटीकडचे आकडे. त्यांनी त्यातून दोन शब्द वाचूनही दाखवले.

मी खांबाआड उभी राहून हसत होते. हे लिहायलाच हवं. पोट धरून हसत होते.

तेवढ्यात सर आले, हातात कल्ल्यांची पुडी. कोणीतरी त्यांच्या गळ्यात अबोलीचा हार घातला. त्यांना वाटलं, प्रदर्शनात सगळ्यांनाच घालतात.

निवृत्त मास्तरांनी विचारलं, "सर, म पासून क फुटला, हे तुम्ही शास्त्राने सिद्ध केलंत ना?"

"सिद्ध कुठलं हो. अंदाज आहे. उलटंही निघेल."

"उलटं म्हणजे?"

"क आधीचा असेल, आणि म त्याच्यापासून आलेला. तिसरा पाऊस बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

हार घालणारा माणूस आ वासून बघत राहिला. मागून एक कोकणीवाला पुढे घुसला. "मगे क हो म च्या जिवार जगता अशें कित्याक बरयलां?"

"जगतो की," सर म्हणाले. "दोघंही दुसऱ्याचं रक्त पिऊनच जगतात. त्यांना दुसरं काय येतं?"

पाच मिनिटांत दोन्ही बाजूंचे लोक, जे त्या वर्षभरात कोणत्याच गोष्टीवर एक झाले नव्हते, सरांच्या विरोधात एक झाले. तक्ता फाटला. कल्ले पायाखाली चिरडले गेले. हेडमास्तरांनी सरांना कसंबसं आपल्या खोलीत नेलं. मागोमाग दोन्हीकडचे चार-चार जण शिरले आणि मला बोलावणं आलं.

सर सांगत होते, "मासे आहेत हो. मुड्डोशी, काळुंदर आणि शेवटो."

कोणीतरी हसलं. "मास्तर, आम्हाला शेंडी लावता? तक्त्यावर मासा कुठे आहे?" मासा नव्हताच. तो आमच्या पडवीत सुकत होता.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "टीचर, तक्ता तुम्ही रंगवलात. ही अक्षरं सरांनी दिलेली, की तुमची?"

एवढंच सांगायचं होतं. सरांनी माशांची पुरी नावं लिहून दिली होती, मी ती तोडली. एका वाक्यात त्यांची नोकरी राहिली असती, पाऊस मिळाला असता. पण त्या आठांत माझ्या बाजूचे चार जण होते, वादात माझ्या बोलण्यावर ज्यांनी टाळ्या दिल्या होत्या ते. आणि बाहेर पोरं होती. मी म्हटलं, "मला दिलं ते मी रंगवलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. उजवा गुडघा, जो खोलीत शिरल्यापासून हलत होता, तो थांबला. मायक्रोस्कोपशिवाय तो थांबलेला मी तेव्हा एकदाच पाहिला.

"टीचरांचं काही नाही," ते म्हणाले. "तक्ता माझा आहे."

मार्चमध्ये हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं, वातावरण बरं नाही, पुढच्या वर्षीची ऑर्डर काढणं जमणार नाही. सर म्हणाले, पावसापुरती काढा की, गणपतीपर्यंत, नंतर मी आपण होऊन जातो. हेडमास्तरांना सरांचं वाईट वाटत होतं असंही मी म्हणेन. त्यांना सगळ्यांचंच वाईट वाटायचं. ऑर्डर काही निघाली नाही. उरलेले दोन महिने मी रोज ठरवायची, आज सांगते. सकाळी ठरवायची आणि संध्याकाळपर्यंत माझी मला शंभर कारणं सापडायची. रात्रीची डाळ मी त्यांच्यापुढे ठेवायची. ते नेहमीसारखे उभ्याने जेवायचे आणि नेहमीसारखे म्हणायचे, "मावशी, मीठ बरोबर."

मे महिन्यात मी त्यांना पेडण्याच्या स्टँडवर पोचवायला गेले. आईने वाटेसाठी चार उंडे, म्हणजे पाव, आणि आमसुलं बांधून दिली होती. घरून निघताना ती दारातूनच आत गेली. बस लागायला वेळ होता. सर स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते आणि मी त्यांच्याबरोबर चालत होते. चार फेऱ्या झाल्या.

पाचव्या फेरीला त्यांनीच विचारलं, "तो बारीक ब्रश आहे नव्हे तुमच्याकडे? चार केसांचा?"

माझे कान तापले. "आहे."

"सांभाळा. पावसात लागेल."

आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. दर आठवड्याला किती काळुंदरं बघायची, कुठल्या मानशीवरची, कल्ल्याच्या कुठल्या कमानीत कृमी शोधायचा, पिल्लं कशी ओळखायची. सगळं व्यवस्थित, समास सोडून, माझ्या नावाने. बस सुरू झाली तरी ते दारात उभेच होते. आत जागा रिकामी होती.

ब्रश जाड नव्हता. आता लिहिते. तो चार केसांचा ब्रश त्या दिवशी माझ्या हातात होता. त्याने मी आकडे काढले, एकेक कंगोरा काढला, आणि त्याच ब्रशाने त्या टोकाशी मुड्डोशी, काळुंदर, शेवटो सहज मावलं असतं. मावत होतं. पेन्सिलीने मी आधी पुरं लिहिलंही होतं, खोडलं. प्रश्नचिन्ह खोडलं. मला सरांना एकदा आमच्या भांडणात ओढायचं होतं, बघू या मग कसे जनेलापाशी जातात ते. एवढीच गंमत. माशांचा तक्ता मात्र खरंच सुकला नव्हता, तेवढं एक माझ्या बाजूने.

त्या पावसात मी दर आठवड्याला बाजारात जायची. ती मासेवाली मला बघून पहिल्यांदा हसली, मग हसायची थांबली आणि पुडी बांधून ठेवायला लागली. कल्ल्यांचा वास मला लहानपणापासून सहन होत नाही, मासे खाते तरी. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसायची. पाऊस चढत गेला, मुड्डोशी बाजारातून दिसेनाशी झाली, आणि काळुंदराच्या कल्ल्यांत कृमी होता. जुलैत होता. ऑगस्टमध्ये त्याची पिल्लं होती. मी पुन्हा पुन्हा बघितलं, आपण चूक तर करत नाही ना म्हणून. चित्रं काढली, नोंदी केल्या आणि गणपतीनंतर सगळं बेळगावच्या पत्त्यावर पाठवलं. पत्रात माफीचं वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. शेवटी नुसत्या नोंदी गेल्या. उत्तर आलं नाही.

पुढे भाषेचा कायदा झाला, उन्हाळ्यात राज्य झालं. शाळेत पेढे वाटले. जे एकमेकांशी बोलत नव्हते ते हळूहळू बोलायला लागले, माझाही आवाज खाली आला. मी आईशी घरचं बोलत होते, शाळेत शाळेचं, आणि बोलताना मध्येच मला भिंतीपलीकडे कोणी ऐकतंय असं वाटायचं.

दोन वर्षांनी एक जाड पाकीट आलं. आत इंग्रजीत छापलेला लेख. पत्र नाही, चिठ्ठी नाही. तिसऱ्या पानावर तेच झाड होतं. आधी शेवटो, मग काळुंदर, आणि काळुंदराच्या फांदीतून फुटलेली मुड्डोशी. माझ्या तक्त्याच्या बरोबर उलट. त्या दिवशी हार पडला असता तर दुसऱ्याच बाजूचा पडला असता. तिन्ही नावं पुरी छापलेली, आपलीच नावं, इंग्रजी अक्षरांत. आकड्यांची चित्रं माझी होती.

शेवटी आभाराच्या दोन ओळी होत्या. कोणी मायक्रोस्कोप दिला, कोणी पुस्तकं दिली, कोणी मसुदा तपासला. त्या सगळ्यांच्या नावांची आद्याक्षरं आणि आडनाव, छापण्याची पद्धतच तशी असावी. सरांचं स्वतःचंही तसंच. आणि शेवटी, तिसऱ्या पावसाच्या नोंदी आणि सर्व चित्रं यांसाठी, मी. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, कोरगाव, तालुका पेडणे. एकही अक्षर गाळलेलं नव्हतं.

मी मेजावर डोकं टेकलं आणि रडायला लागले. आई चुलीकडून हात पुसत आली.

"कितें गो जालें?"

"काय नाय. सरांनी माझं नाव छापलंय."

"मगे रडटा कित्याक?"

"पुरं छापलंय."